भाला घेऊन बुडी मारण्याआधी

मराठवाड्यात बुडी मारून भाल्यानं मासा मारायचा, तर आधी पाणी बघा. पावसाळ्यात नदी गढूळ, शिवाय तो रोहू-कटल्याचा अंडी घालायचा हंगाम. तेव्हा नावच काढू नका. दिवाळीनंतर गाळ बसतो. तरीही हात लांब करून धरलेल्या भाल्याचं टोक दिसत नसेल, तर मुकाट्यानं बाहेर या. नाहीतर माशाआधी सोबत्याची पोटरी सापडायची. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्यात येतो, तिकडे फिरकू नका. इतर तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. त्यांची परवानगी घ्या आणि जाळी कुठं लावलीत तेही विचारा. नायलॉनचं बारीक जाळं पाण्यात दिसत नाही, म्हणून पायाला छोटी सुरी बांधलेली हवीच. शेततळ्यात तर उतरूच नका. टोक लागून तळाचा प्लॅस्टिकचा कागद फाटला की शेतकऱ्याचं पाणी गेलं, आणि त्या निसरड्या उतारावरून वर चढता येत नाही. पोहता येणारी माणसंही त्यात बुडतात.

सामान थोडकंच. मागं रबराचा फास असलेला भाला; तो फास अंगठ्यात अडकवून ताणायचा, पण पाण्याबाहेर कधीच नाही. एसटीत टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवा. मास्क नाक झाकणारा घ्या, कारण खोल गेल्यावर नाकानं त्यात हवा सोडावी लागते; पोहण्याचा साधा चष्मा डोळ्यांवर आवळत जातो. खाली जायला वजन म्हणून कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा. गोड्या पाण्यात अंग समुद्रापेक्षा कमी तरंगतं, तेव्हा मालवणला लावलेलं वजन इथं कमी करा. मास्कमधून मासा आहे त्याहून मोठा आणि जवळ दिसतो, त्यामुळं नवशिक्याचा भाला हमखास अलीकडंच थांबतो. विहिरीत विटेवर नेम धरून सराव करा.

आता दम. बुडीआधी भराभरा श्वास घ्यायची आपल्याकडच्या पोरांची सवय जीवघेणी आहे. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वासाची हाक उशिरा येते आणि वर येता येताच शुद्ध हरपते. म्हणून जोडीदार हवाच, तोही काठावर मोबाइल बघणारा नको. एक खाली, एक वर. वर आलेल्याकडं अर्धा मिनिट तरी बघत राहायचं, आणि जितका वेळ खाली होता त्याच्या दुप्पट विश्रांती द्यायची. कान उतरता उतरताच, दुखायच्या आधी, नाक दाबून हलकेच हवा फुंकून मोकळे करा. सर्दी असेल तर त्या दिवशी वरूनच जोडीदारावर लक्ष ठेवा.