अनोळखी वाटेवर दोघं, एकाच मोटारसायकलवर: सहल कशी आखावी

डबलसीट प्रवास बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या हौसेने ठरतो आणि मागे बसणाऱ्याला फक्त निघायची वेळ कळते. अनोळखी रस्त्यावर जायचं असेल तर आधी हे बदला. मागच्या सीटवर समोरचं कमी दिसतं, खड्ड्याचा दणका जास्त बसतो, आणि धरायला हँडल नसतं. म्हणून दिवसाचा पल्ला मागच्या जोडीदाराला झेपेल तेवढाच धरा.

रस्ता निवडा

नकाशावर ‘सर्वांत जलद मार्ग’ बघणं सोडा. हमरस्त्यापासून फुटून नदीच्या, डोंगराच्या किंवा किनाऱ्याच्या कडेने जाणाऱ्या बारीक रेषा शोधा. उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे चढ तीव्र असतो. मग तोच भाग उपग्रहचित्रात मोठा करून पाहा: डांबर आहे का, ओढ्यावर पूल आहे का. वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यावर सामानासह सरासरी ताशी ३०-३५ किलोमीटरच धरा. म्हणजे २०० किलोमीटरला नुसतं चालवायलाच सहा-सात तास. मुक्काम पक्का करा, मधला रस्ता मोकळा ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण अशा रस्त्यांवर नेटवर्क जातंच.

गाडी दोघांसाठी लावा

एकट्यासाठी भरलेली हवा दोघांना पुरत नाही. डबलसीटचा आकडा माहितीपुस्तिकेत किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. टायर थंड असतानाच मोजा. मागच्या शॉकअपची स्प्रिंग घट्ट करता येत असेल तर करा. नाहीतर गाडी मागे बसते, हेडलाइट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. चेन पुस्तिकेत दिली आहे तेवढी सैल हवीच. पंक्चरचं सामान घेताना टायर ट्यूबचा आहे की ट्यूबलेस, हे बघा.

जड सामान खाली आणि जितकं पुढे सरकेल तितकं पुढे. सगळं ओझं मागच्या पेटीत भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगू लागतं. पट्ट्यांची लोंबती टोकं बांधून टाका, चेनमध्ये अडकली तर चाकच जाम होतं.

मागे बसण्याचा सराव करा

हा भाग लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सहलीतला निम्मा आनंद यावरच ठरतो. सामान लादून एखाद्या रिकाम्या मैदानावर तासभर घालवा. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून, पुढचा ब्रेक दाबून ‘बस’ म्हटल्यावरच मागच्याने चढायचं; उतरतानाही तसंच. वळणावर मागच्याने चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे बघायचं: उजवं वळण, उजवा खांदा. एवढ्यानेच अंग गाडीबरोबर आपोआप झुकतं. भीतीने उलट्या बाजूला सरकलं की गाडी वळणाबाहेर ओढली जाते. ब्रेक लागताना गुडघ्यांनी पुढच्याच्या कमरेला आधार द्यायचा, हेल्मेटवर हेल्मेट आपटत नाही. गाडी थांबली तरी पाय फूटरेस्टवरच. इंटरकॉम नसेल तर खुणा ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. आणि ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

रस्ता वाचा

जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग. ताशी ४० ऐवजी ६० वर असाल तर ब्रेक लागल्यावरचं अंतर दीडपट नाही, सव्वादोनपट होतं. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर नजर ठेवा. तो तुमच्याकडे येत असेल तर वळण आवळत चाललंय, वेग आणखी कमी करा. लांब पळत असेल तर वळण सुटतंय. खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला आणि चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात साचते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, ब्रेक तापून ढिले पडतात. खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी आवरू द्या.

संध्याकाळी एक गोष्ट नक्की बघा. तुमची सावली समोर लांब पडली असेल तर तुम्हाला रस्ता लख्ख दिसतो, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट ऊन असतं आणि त्याला तुम्ही दिसत नाही. अशा वेळी आपल्याला वाट मिळेल असं धरून चालू नका.

थांबा, आणि वेळेत परत फिरा

दमण्याआधी थांबा, साधारण तासाला एकदा. दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी ६.५ अंशांनी थंड होते, त्यात वारा. घाट चढायला लागण्यापूर्वीच जॅकेट घाला. टाकी अर्धी झाली की पुढचा पंप शोधा.

डांबर संपलं तर मागच्याने उतरून पुढे चालत जाऊन बघावं. पाण्याचा तळ दिसत नसेल किंवा ओढ जोराची असेल तर गाडी घालूच नका. चढावर वळवायची वेळ आली तर जोडीदार आधी उतरलेला असू द्या. दोघं बसून अरुंद जागेत वळवताना गाडी हमखास आडवी होते. परत फिरायला दोघांपैकी एकाला वाटलं तरी पुरे.

मुक्कामी पोचलात की चेन कोमट असतानाच तिला तेल द्या आणि टायरमध्ये काही रुतलंय का बघा. मग नकाशा उघडा, आणि उद्याची वाट मागे बसणाऱ्याला निवडू द्या.