सांगलीत घर घेताय? इसार देण्याआधी ते इंजिनिअरला दाखवा

घर घेणारा माणूस वकिलाकडून सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड तपासून घेतो, सर्च रिपोर्ट काढतो. पण पायाखाली कोणती माती आहे, भिंतीत किती पाणी मुरलंय, स्लॅबमधलं लोखंड शाबूत आहे का, हे बहुतेक वेळा कुणी पाहत नाही. ही तपासणी इसार देण्याआधी करा. इसारपावती झाली की भाव कमी करून मागायला तोंड राहत नाही.

तपासणीसाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो बिल्डरच्या किंवा एजंटच्या ओळखीतला नको. फी आधी ठरवा आणि फोटोंसह लेखी अहवाल मागा. इसार लगेच द्यावाच लागला, तर ‘१५ दिवसांत तपासणी करून घेऊ, मोठा दोष निघाल्यास इसार पूर्ण परत’ अशी ओळ इसारपावतीत घाला.

सांगलीत सर्वांत आधी पुराचं बघायचं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणून शेजाऱ्यांना ‘पूर येतो का’ असं मोघम विचारू नका. ‘पुलाला किती फूट झाले की इथं पाणी येतं, आणि २०१९ ला घरात कुठवर होतं?’ असं विचारा. शेजारी नेमका आकडा सांगतात. जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल, हे महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात पाहून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

घर नव्यानं रंगवलेलं असेल तर जमिनीलगतचा एखादा स्विचबोर्ड उघडायला सांगा, अर्थात मेन स्विच बंद करून. पूर येऊन गेलेल्या घरात बोर्डाच्या डब्याच्या कोपऱ्यात आणि पाइपच्या तोंडाशी पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ सापडतो आणि स्क्रूंवर गंज असतो. भिंतीला दहा हात रंग दिला तरी ही जागा कुणी पुसत नाही. लाकडी चौकटींचे खालचे वीतभर भाग फुगलेत का, कपाटाच्या पाठीमागे पाण्याची रेघ आहे का, तेही बघा. वायरिंग पाण्याखाली गेलेलं असेल तर ते सगळं बदलायचा खर्च हिशेबात धरा.

भिंतीच्या ओलीसाठी सोपी चाचणी आहे. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा आहे. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा लोणा फुटलेला असेल तर पाणी जमिनीतून वर चढतंय. त्यावर पुट्टी मारली की पावसाळ्यात पुन्हा पोपडे निघतात.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग ही त्याची खूण. मेमध्ये ती रुंद होते, पावसाळ्यात मिटते, म्हणून शक्य असेल तर असं घर दोन्ही ऋतूंत बघा. भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं आडवी चिकटवून ठेवा. काही आठवड्यांत काच तडकली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून हलतेय. उलट बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावरची सरळ, केसासारखी भेग बहुधा गिलाव्याची असते. तिच्यासाठी सौदा मोडू नका. पाया किती खोल नेला, मुरमाची भर किती केली, जोत्याभोवती तीन-चार फुटी कोबा आहे का, हे मालकाला विचाराच.

जुन्या फ्लॅटमध्ये स्लॅब महत्त्वाचा. बाथरूमखालचं आणि गच्चीखालचं छत लाकडी दांड्यानं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर काँक्रीट सुटलंय. लोखंड गंजलं की फुगतं आणि सळीच्या ओळीत काँक्रीट फोडतं. इंजिनिअर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारतो. गुलाबी झालं तर काँक्रीटचं संरक्षण शाबूत आहे. सळीपर्यंत रंगच आला नाही तर गंज सुरू व्हायला वाट मोकळी आहे. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ते ३० वर्षांपर्यंत दर ५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ३ वर्षांनी व्हायला हवं.

बाकीचं पटकन होतं. आरसीसीबीचं (करंटची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून ट्रिप होते का बघा, अर्थिंग मोजून घ्या, बाथरूमचं जाळीचं तोंड बंद करून पाणी २४ तास साठवा आणि खालच्या छताला ओल येते का पाहा. नवीन फ्लॅट असेल तर रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष निघाल्यास बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून ताबा घेतानाच तपासणी करून त्रुटी लेखी कळवा.

विकणाऱ्यानं तर ही तपासणी जाहिरात देण्याआधीच करून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. पूर आला होता तर तसं सांगा, किती फूट होता तेही सांगा, वायरिंग बदलल्याची बिलं दाखवा. गळती असेल तर आधी ती थांबवा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग द्या. पुराचं पाणी पिऊन बसलेली वीट वाळायला काही महिने लागतात, त्यामुळे दिवाळीत विकायचं असेल तर गिलावा उकरायचं काम मार्चमध्येच काढा.