संच-मूल्य ऑयलर पद्धतीत संच फुगतोय? (माझा अनुभव)

मिऱ्याच्या समुद्रात भरकटलेली होडी कुठवर जाईल, याचा संच (सगळ्या शक्य जागांचा समूह) संच-मूल्य ऑयलर पद्धतीने, म्हणजे वेळेची छोटी पावलं टाकत दर पावलाला अख्खा संच पुढे नेत, काढत होतो: क्ष′ ∈ अ·क्ष + व. क्ष म्हणजे होडीची जागा, क्ष′ म्हणजे तिचा वेग. अ म्हणजे भोवऱ्याचं फिरणं (मॅट्रिक्स), व म्हणजे वाऱ्याची अनिश्चितता (शक्य वेगांचा संच). दर पावलाला संच एका चौकोनात बसवायचो, आणि उत्तराचा चौकोन अवाच्या सवा फुगायचा.

पाऊल (ह) निम्मं करूनही फरक नाही. फिरलेला चौकोन पुन्हा अक्षांना समांतर चौकोनात बसवला की (कोनीय वेग 1 धरून) तो दर पावलाला (1+ह) पट होतो, आणि पाऊल निम्मं केलं की पावलं दुप्पट, म्हणून एकूण फुगवटा जवळजवळ तेवढाच. फार वैताग आला.

चाललं ते असं: चौकोन सोडून सपोर्ट फंक्शन (दिलेल्या दिशेत संच जास्तीत जास्त कुठवर पोचतो ते सांगणारं) घेतलं. एक दिशा निवडून, दर पावलाला आधी ह × (त्या दिशेतलं व चं सपोर्ट फंक्शन) बेरजेत टाकलं, मगच दिशेला (एकक मॅट्रिक्स + ह·अ) च्या ट्रान्सपोझने (आडव्या-उभ्या ओळी अदलाबदल केलेल्या मॅट्रिक्सने) गुणलं. सगळी पावलं संपल्यावर उरलेल्या दिशेतलं मूळ संचाचं सपोर्ट फंक्शन मिळवलं. मध्येच दिशेची लांबी 1 करू नका, उत्तर बिघडतं. आता पाऊल निम्मं केलं की हाउसडॉर्फ अंतरातली (दोन संच एकमेकांपासून जास्तीत जास्त किती लांब पडतात, त्या मापातली) त्रुटीही साधारण निम्मी होते.