पाहुण्यांना दादर खिलवताना: एका जागी पोटभर नको

बाहेरगावचे मित्र दोन दिवसांसाठी मुंबईत येतात आणि पहिल्याच हॉटेलात सगळे पोटभर जेवून घेतात. मग पुढचं काही चाखायला पोटात जागाच उरत नाही. आता आम्ही एकच स्टेशन धरतो आणि दोघांत एक प्लेट मागवतो.

दादर पश्चिमेचं उदाहरण घ्या. चौघे असाल तर:

१. स्टेशनबाहेर मामा काणे यांच्याकडे दोन प्लेट बटाटेवडा. हे उपाहारगृह 1910 पासूनचं आहे.

२. चालत गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा. पियूष मात्र वाटून घेऊ नका, प्रत्येकाला वेगळा सांगा. केशरी, दाट, जायफळाचा वास येणारा तो गार पेला मित्राच्या हातात गेला की तो परत मिळत नाही!

३. मग शिवाजी पार्कचा एक फेरा. घाई करू नका, कट्ट्यावर बसा, भूक परत लागू द्या.

४. शेवटी शिवसेना भवनासमोर आस्वादमध्ये मिसळ आणि थालीपीठ. सुट्टीच्या दिवशी दाराशी गर्दी असते, म्हणून एकाने पुढे जाऊन नंबर लावायचा, बाकीच्यांनी रमतगमत यायचं.

पैसे सुरुवातीलाच एकाकडे जमा करा, दर टेबलावर हिशेब नको.

एक काळजी घ्या: जुन्या ठिकाणांना आठवड्याची सुट्टी असू शकते, काही दुपारी बंद असतात. सकाळीच फोन करून विचारा.