व्हॅम्पायरची लव्हस्टोरी वाचून नुसतं "लई भारी" म्हणू नका, अशी तपासा

ग्रुपवर कुणीतरी व्हॅम्पायर रोमान्सचं पुस्तक सुचवतं आणि खाली दोनच टाइपचे रिप्लाय येतात, "लई भारी" नाहीतर "काय फालतू". पुढच्या वाचणाऱ्याला दोन्हीचा काडीचा उपयोग नाही. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये भरदुपारी अंधारून येतं, वर लाईट जाते, तेव्हा असली पुस्तकं हातोहात फिरतात, म्हणून म्हटलं यातलं चांगलं-वाईट ओळखायचं कसं ते एकदा लिहूनच टाकू.

पहिली पन्नासेक पानं फक्त घराकडं लक्ष ठेवून वाचा. या गोष्टी गॉथिकमधल्या, म्हणजे जुन्या वास्तूंत घडणाऱ्या भय-गूढ कथांमधल्या, आणि गॉथिकमध्ये आधी वास्तू आणि मग माणसं, १७६४ साली हा प्रकार सुरू झाला तोच मुळी एका किल्ल्याच्या गोष्टीनं. मेणवलीच्या वाड्यात किंवा कुठल्याही जुन्या वाड्यात शिरल्यावर बाहेर ऊन असलं तरी आत गार वाटतं, आवाज आपोआप खाली येतो, तसं पुस्तकातल्या घरानं माणसांचं वागणं बदलायला पाहिजे. नुसतं "वातावरण गूढ होतं, ती थरथरली" असं लिहिलं असेल तर लेखकानं काम टाळलंय. त्याऐवजी जेवायला रोज दोघांची ताटं मांडली जातात आणि तिच्या लक्षात येतं की त्याच्या चमच्यावर धूळ बसलीय, असं काही दिसलं तर समजा पुस्तक बरं निघणार. धुकं, मेणबत्त्या, वटवाघळं यांना मार्क देऊ नका, ते सगळेच टाकतात.

मग नियम. बुकमार्कच्या मागं लिहीत जा: ऊन चालतं का, आरशात दिसतो का, बोलावल्याशिवाय घरात येतो का, रक्त किती दिवसांनी लागतं. इथं बरेच जण घाईत चुकीचा आरोप करतात की "हा उन्हात कसा फिरतो, व्हॅम्पायर मरतो ना उन्हात". अहो, १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत व्हॅम्पायर दिवसासुद्धा फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते, उन्हानं मरायचं प्रकरण १९२२ च्या जर्मन मूकपटानंतर रूढ झालं. त्यामुळं नियम कुठला आहे यावर भांडू नका, लेखकानं स्वतःच घातलेला नियम पुढं सोयीसाठी मोडलाय का तेवढं बघा. पहिल्या भागात उंबरठा ओलांडायला परवानगी लागत होती आणि क्लायमॅक्सला खिडकीतून थेट आत, तर तो दोष, आणि मोठा दोष.

माझी सगळ्यात आवडती टेस्ट म्हणजे व्हॅम्पायर काढून त्याच्या जागी साखर कारखान्याच्या चेअरमनचा पोरगा ठेवून बघायचा. देखणा, श्रीमंत, मोठं घर, कमी बोलतो, हिच्यावर नजर ठेवतो. गोष्ट जशीच्या तशी चालली तर पुस्तकात व्हॅम्पायर नाहीच, नुसते सुळे लावलेत. त्याच्या भुकेमुळं काहीतरी अडायला पाहिजे, जवळ गेलं तर जीव जाईल आणि लांब राहवत नाही, ही ओढाताण हाच या प्रकाराचा जीव आहे, १८७२ च्या कार्मिला या व्हॅम्पायरच्या गोष्टीतसुद्धा तेच आहे, प्रेम आणि शिकार वेगळं करताच येत नाही. आणि तो अडीचशे वर्षांचा असून सेकंड इयरच्या पोरासारखा बोलत असेल तर तेही लिहा.

हिरॉईन स्वतः काय ठरवते ते मोजा. ड्रॅक्युलातली मीना सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारखांप्रमाणं लावते, तिच्याशिवाय त्याच्या मागावर असलेल्या पुरुषांना ड्रॅक्युलाचा पत्ताच लागला नसता, आणि आजच्या पुस्तकातली बाई तीनशे पानं नुसती फिकट पडत असेल तर अवघड आहे. तो रात्री न विचारता तिच्या खोलीत उभा राहतो हे असल्या गोष्टींत चालतंच, चालायलाच पाहिजे, पण ते भीतीदायक आहे हे पुस्तकाला कळतंय का? लेखक त्यालाच "किती काळजी घेतो" म्हणत असेल तर माझ्याकडनं सरळ मार्क कट.

मधली शंभर पानं बहुतेकांची पडतात, रुसवा, पाऊस, परत रुसवा, त्यावर एक ओळ पुरे. शेवट मात्र नीट बघा, ती त्याच्यासारखी झाली तर आई, घर, म्हातारपण यातलं काय गेलं ते दाखवलंय का, की अमरपण फुकटात मिळालं.

लिहिताना शेवट फोडू नका, स्टार देऊन मोकळे होऊ नका, एक जमलेला प्रसंग आणि एक फसलेला प्रसंग सांगा, आणि पुस्तक कुणाला द्यायचं ते जरूर लिहा. नारायण धारपांच्या कथांवर पोसलेल्या माणसाला हे संथ वाटणार, त्याला आधीच सांगा की भीती कमी आणि झुरणं जास्त आहे, नाहीतर तो चाळीस पानांत पुस्तक परत करणार आणि वर आपल्यालाच ऐकवणार.