रायफलीचा लाकडी दस्ता काढून ॲल्युमिनियम चॅसी बसवताना

मराठवाड्यात मे महिन्यात रखरखीत ऊन, जुलैत दमट हवा. लाकडी दस्ता या फेऱ्यात फुगतो-आकसतो, नळीला टेकतो आणि नेम सरकतो. परवान्याच्या बोल्ट-ॲक्शन (हातानं दांडा सरकवून गोळी भरायच्या) रायफलीला तिच्याच मॉडेलची ॲल्युमिनियम चॅसी, म्हणजे दस्त्याच्या जागी येणारा धातूचा सांगाडा, बसवली की ही कटकट मिटते. आधी बोल्ट (तोच सरकता दांडा) काढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानंही तपासा. ॲक्शनचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाचे) स्क्रू अंदाजानं आवळू नका. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना) वापरा, जोराचा आकडा चॅसीच्या पुस्तिकेतलाच घ्या. मग नळी चॅसीला टेकत नाही ना, हे पाहायला कागदाची पट्टी नळीखालून ॲक्शनपर्यंत सरकवा. मध्येच अडकली, तर खोलून पुन्हा बसवा. झिरोइंग, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल असं जुळवणं, नव्यानं करावंच लागतं. वजन वाढतं, पण झोपून नेमबाजी करताना ते बरंच. धक्का कमी जाणवतो. उन्हात तापलेल्या चॅसीला मात्र उघडा हात लावू नका, चांगलाच चटका बसतो.