मोठं शहर, दोन चाकं

रविवारी पहाटे सायकल घेऊन निघा, रस्ते तेव्हा पेंगत असतात. मी दिवसाला ३० किलोमीटरच्या वर आखत नाही. शहरात अर्धा वेळ थांबण्यातच जातो, आणि जायलाच हवा.

उभ्या गाड्यांपासून चांगलं मीटरभर अंतर ठेवा. एकदा अचानक उघडलेल्या दारावर आपटलो, महिनाभर मनगट दुखत होतं. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात की पुढचं चाक खाचेत अडकलंच म्हणून समजा. पावसात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टेही तसेच दगाबाज.

सोबत जादा ट्यूब, टायर लिव्हर (चाकावरून टायर उचकटायची पट्टी), छोटा पंप. नकाशा? निघताना एकदा पाहायचा आणि खिशात. वाट चुकलीच आणि शहरात नदी असेल, तर तिचा काठ धरा. चढ कमी लागतात.